रिकाम्या धमनीतला ताण

'ताणावर काम करता म्हणजे मानसोपचार का?' हे लग्नकार्यात ठरलेलं. ते मी हसून सोडून देतो; माझा ताण मनाचा नाही, धमनीच्या भिंतीत आत काम करणाऱ्या ओढीचा नि दाबाचा. विद्यार्थ्यांचा प्रश्न मात्र नेमका असतो: "सर, धमनीत रक्त नाही, दाब नाही, मग ताण कसला?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सांगतो.

खाटकाकडून बोकडाची महाधमनी आणायची. (आमच्या घरच्या फ्रीजमध्ये तिला बंदी आहे.) आडवी कापून बांगडीसारखं कडं काढायचं, मिठाच्या पाण्यात सोडायचं. निवांत पडून असतं. मग ब्लेडने एका जागी छेद द्यायचा. कडं लगेच फाकतं, आणि अर्धा तास थांबलात तर हळूहळू आणखी उघडतं. म्हणजे बंद असताना त्याचं आतलं अंग दाबलेलं होतं आणि बाहेरचं ताणलेलं.

कापलेली धमनी उघडते हे आधीही कुणाकुणाच्या नजरेला आलं होतं, पण हिशेबात धरलं गेलं ते १९८३ च्या सुमारास: एकीकडे युआन-चेंग फुंग, दुसरीकडे वैष्णव आणि वोसुघी, हे संशोधक. तोवर रिकामी धमनी म्हणजे शून्य ताण असं धरून गणित चाले. धमनी जितकी ताणावी तितकी ताठर होत जाते, त्यामुळे उत्तर यायचं की रक्तदाबाखाली आतल्या थरावर बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट ताण. जिवंत ऊती असला अन्याय सोसत बसेल, हे मला तरी पटलं नसतं.

बैलगाडीच्या चाकावर लोहार लोखंडी धाव तापवून चढवतो. गार होताना ती आवळते आणि लाकूड आधीच दाबात बसतं. धमनीचं तसंच. आतला थर आधी दाबलेला असल्याने रक्ताचा दाब आला की त्याच्यावरचा ताण बेताचा राहतो, बाहेरचाही आपला वाटा उचलतो. फक्त इथे लोहार नाही. थर कमीजास्त वाढतात, त्यातूनच ही आवळण येते. म्हणून आता धमनीचं गणिती प्रारूप उघड्या कड्यापासून सुरू करतात: आधी संगणकात ते मिटवायचं, मग दाब द्यायचा.

तरी एका छेदाने सगळा ताण सुटत नाही. थर सोलून वेगळे केले की प्रत्येक आपापल्या कोनात वळतो. आणि ताण थेट मोजायचं यंत्र नाहीच. दिसतो तो कडं किती फाकलं याचा कोन. बाकीचं गणित. माझा पहिला कोन मी मुलीच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजला होता; तो तिने परत घेतला नाही.