ब्लॉक लागला, हे कळतं कसं?

ब्लॉक म्हणजे नस बधिर करणारं इंजेक्शन. तो लागला हे कळतं कसं, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. स्तनाच्या ऑपरेशनआधी नातेवाईक हटकून विचारतात, "डॉक्टर, पेशंट पूर्ण भुलीखाली असताना छातीच्या कडेला ब्लॉक देता, मग तो लागला हे कळतं कसं?"

हाताच्या ऑपरेशनला पेशंट जागा असतो. स्पिरिटचा बोळा फिरवला आणि गार लागलं नाही, की कळलं. इथे मला फक्त सोनोग्राफीचा पडदा. छातीचे दोन स्नायू, त्यांखाली बरगड्यांलगतचा तिसरा. मधल्या फटीत औषध सोडलं की थर पापुद्र्यासारखे सुटतात. हा 'पेक्स' ब्लॉक, २०११ साली डॉ. ब्लँको यांनी मांडलेला. दिसायला सुरेख. पण औषध पसरलं म्हणजे नस बधिर झाली असं नाही.

संशोधनात चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करतात, एकालाच ब्लॉक देतात. मग दोघांना २४ तासांत दुखण्यावरचं मॉर्फिन किती लागलं ते मोजतात आणि दुखण्याला शून्य ते दहा आकडा विचारतात. पद्धत चोख आहे. फक्त आमच्या सिंधुदुर्गातल्या बायका औषध मागतच नाहीत, त्याचं काय करायचं?

गेल्या पावसात कुडाळकडच्या एक आजी होत्या. सकाळी ऑपरेशन, काखेतल्या गाठीही काढलेल्या. दिवसभरात दुखण्याचं जादा औषध एकदाही मागितलं नाही. संध्याकाळी आकडा विचारला, तर "दोन". वर "बरां आसा" हेही. कागदावर माझा ब्लॉक पास.

तेवढ्यात पेज आली. आजींनी चमचा डाव्या हातात घेतला. उजवा हात अंगाला घट्ट चिकटलेला.

"आजी, डावखुऱ्या आहात?"

"नाय गो." मग हळूच, "सिस्टरीक उगाच कित्याक तरास?"

बोळा फिरवला. छातीवर गार लागेना, काखेत आणि दंडाच्या आतल्या अंगाला मात्र लख्ख लागलं. तिथली नस माझ्या औषधातून निसटली होती. सलाईनमधून दुखण्याचं औषध दिलं. तासाभरानं उरलेली पेज उजव्या हातानं संपली.

तेव्हापासून औषध काखेकडे पोचतंय का हे पडद्यावर जरा जास्त वेळ बघते. आणि संध्याकाळची फेरी पेजेच्या वेळेला ठेवते. आकडाही विचारते, पण हाताकडे बघून झाल्यावर.