श्रावण पाळणारा दादा

आमचा दादा दरवर्षी श्रावण कडक पाळायचा. गटारीला मनसोक्त प्यायचा आणि दुसऱ्या दिवसापासून एक थेंब नाही, त्यामुळे घरात आम्ही कितीतरी वर्षं एकच रेकॉर्ड लावून बसलो होतो की बघ महिनाभर राहतोस ना, मग बाकीचे महिने का नाही, तू मनावरच घेत नाहीस. आईने माळ घालायला लावली, तीही एकदा घातली आणि काढून ठेवली.

आता कळतंय की तो महिना त्याच्या एकट्याच्या जोरावर निघायचाच नाही. श्रावणात त्याचा अख्खा ग्रुप बंद असायचा, संध्याकाळी सातला कोणाचा फोन नाही, 'एकच घे रे' नाही, सोमवारी दिवेलागणीला उपवास सोडायला सगळे एकत्र पानावर. गणपती उठले की तीच माणसं, तेच टेबल.

पुढे श्रावणही जमेना. एका वर्षी बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, भिंतीवर किडे दिसतायत म्हणाला, रात्री फिट आली. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर असं होतं आणि जीवावरही बेतू शकतं, हे आम्हाला डॉक्टरांकडून तेव्हा पहिल्यांदा कळलं. म्हणून कळकळीने सांगतो, माणसाला खोलीत कोंडून दारू सोडवू नका, आधी डॉक्टर. कुठे जायचं माहीत नसेल तर १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे, टोल फ्री.

मग हॉस्पिटल, व्यसनमुक्ती केंद्र, ते सगळं झालं. पण मला सांगायचंय वहिनीबद्दल. तिची इतकी वर्षं दादाला झाकण्यात गेली, ऑफिसला फोन करून 'त्यांना ताप आलाय' सांगायचं, बारची उधारी गुपचूप भागवायची, रात्री तोंडाचा वास घ्यायचा, खिसे तपासायचे. केंद्रातल्या ताईंनी तिला अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंगला पाठवलं, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांचा ग्रुप. तिथे कोणी तिला उपदेश केला नाही, समोरची बाई एवढंच म्हणाली की मीपण हेच करायचे. त्या दिवशी घरी येऊन वहिनी म्हणाली, यापुढे साहेबांना फोन मी करणार नाही, ज्याचा त्याने करायचा. मी चिडलो होतो, नोकरी जाईल म्हणून. चूक माझी होती.

पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तिथेही पेशंटच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे हे मला नंतर समजलं. घरच्यांनाही आधार लागतो हे आमच्या डोक्यातच नव्हतं.

दादा एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मीटिंगला जातो, तो दारू सोडणाऱ्यांचा ग्रुप. एएची सुरुवात त्यानेच मला सांगितली. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी नुकतीच दारू सोडलेला बिल विल्सन हॉटेलात एकटा, धंद्याचं काम फिसकटलेलं, समोर बार. त्याने चर्चवाल्यांना फोन लावायला सुरुवात केली, मला कोणीतरी दुसरा दारुडा गाठून द्या म्हणून. मदत मागायला नाही हां, त्याच्याशी बोललो तर मी आज पिणार नाही म्हणून! त्यातून डॉ. बॉब भेटले, तेही पिणारेच, आणि त्या दोघांपासून एए सुरू झालं.

दादाची मध्ये एकदा स्लिप झाली, चुलत भावाच्या हळदीत, आपल्याच नातेवाईकांनी आग्रह करून पाजली. पाहुणचार म्हणून ग्लास पुढे करणाऱ्यांचा मला अजून राग येतो. नाही म्हणाला ना माणूस, मग सरबत द्या की. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे तोंड पाडून बसलेलो, आणि दादाचे स्पॉन्सर काका, म्हणजे एएमधले त्याला सांभाळून घेणारे जुने मेंबर, सकाळी येऊन दारात म्हणाले, चल, चहा घेऊ, संध्याकाळी मीटिंग आहे.

त्याला आता तीन वर्षं होतील. यंदा गटारीला रात्री साडेनऊला आम्ही जेवत होतो, दादाचा फोन वाजला, ग्रुपमधला नवीन पोरगा होता, रडत होता. दादाने अर्ध्या ताटावरून उठून हात धुतला, 'कुठे आहेस, तिथेच थांब, मी येतो' म्हणाला. वहिनीने काही न विचारता त्याचं ताट झाकून ठेवलं.