बातमीदारी सोडून पीआरमध्ये जाताना

बातमीदार पीआरमध्ये, म्हणजे जनसंपर्कात, आला की लिहिणं कमी होतं आणि मंजुऱ्या घेणं वाढतं. 200 शब्दांची प्रेसनोट तासाभरात होते. मग ती मार्केटिंग, कायदा विभाग, साहेब अशी फिरते आणि परत येते तेव्हा पहिल्या ओळीत बातमीऐवजी ‘अग्रगण्य’ हा शब्द बसलेला असतो. इथे भांडायचंच. वृत्तपत्राचा डेस्क, म्हणजे उपसंपादकांचं टेबल, मजकूर खालून कापतो, म्हणून काय, कुठे, कधी हे पहिल्या दोन वाक्यांत हवं.

मजकूर युनिकोडमध्ये, थेट ईमेलमध्येच टाका. पीडीएफमधून मराठी कॉपी केलं की जोडाक्षरं फुटतात, आणि पुन्हा टाइप करायला उपसंपादकाला वेळ नसतो. फोटो वेगळा जोडा, वर्डच्या फाइलमध्ये चिकटवू नका. सोबत डावीकडून नावं द्या. दुपारीच पाठवा. रात्री जिल्हा आवृत्तीची पानं लागत असताना फोन केलात तर शिव्याच मिळतील, आणि त्या रास्त असतील.

जुन्या सहकाऱ्याला ‘एवढी लाव ना’ म्हणणं फार तर एकदा खपतं. क्लायंटला छापून येण्याची हमी देऊ नका. हमी जाहिरातीची असते, तिचं बिल वेगळं. अधिस्वीकृती पत्रिका, म्हणजे पत्रकार म्हणून मिळालेलं सरकारी ओळखपत्र, असेल तर माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाला परत करा.