आमची वाटचाल : उलट उत्तर देणारा बोर्ड

दापोलीत आमची सुरुवात टीव्ही दुरुस्तीने झाली. हर्णै, आंजर्ल्याकडचे रिमोट यायचे ते खाऱ्या हवेने सेलच्या पट्ट्या गंजलेले. रिमोट चालतो का हे बघायला मी आजही तो आधी मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरतो. डोळ्यांना न दिसणारा उजेड तिथे जांभळट लुकलुकतो.

होम ऑटोमेशनकडे, म्हणजे घरातली उपकरणं एका जागेवरून चालवण्याच्या कामाकडे, आम्हाला आणलं आंजर्ल्याच्या एका काकांनी. मुलगा मुंबईला, घरात काका-काकू दोघंच आणि टेबलावर चार रिमोट. "मला बातम्यांचं एकच बटण करून दे रे बाबा," म्हणाले. दिवे-पंख्यांसाठी मुलाने कंट्रोलर बसवला होता, त्याला सिरियल पोर्ट, म्हणजे वायरीवरून एकेक बिट पाठवायची जोडणी, होता. टीव्ही आणि अ‍ॅम्प्लिफायरला मात्र फक्त इन्फ्रारेड, म्हणजे रिमोटचा तो न दिसणारा उजेड, कळायचा. मध्ये दुभाषी हवा होता, तो छोटा सर्किट बोर्ड आम्ही घरीच बनवला. कंट्रोलरने ९६०० बॉडने (सेकंदाला ९६०० बिट) एक ओळ पाठवायची, बोर्डाने ती वाचून ३८ किलोहर्ट्झवर (सेकंदाला ३८ हजार वेळा) इन्फ्रारेड एलईडी लुकलुकवायचा. टीएसओपी१७३८ हा इन्फ्रारेड रिसीव्हर लावून एकेका रिमोटचे कोड उतरवून घेतले. एनईसी या बऱ्याच रिमोटांत असणाऱ्या कोड-पद्धतीत आधी ९ मिलिसेकंदांचा लांब ठोका, ४.५ची उसंत, मग ३२ बिट. सोनीचं गणित वेगळं : ४० किलोहर्ट्झ आणि तोच कोड तीनदा.

काका खूश झाले. मग पावसाळा आला.

लाइट गेली, आली. अ‍ॅम्प्लिफायर आपोआप सुरू झाला, टीव्ही बंदच राहिला. काकांनी बटण दाबलं तर टीव्ही लागला, आवाज गेला. पुन्हा दाबलं, तर उलटं. पॉवरचा कोड एकच. चालू असलेलं बंद होतं, बंद असलेलं चालू. आणि इन्फ्रारेड एकतर्फी, समोरून काही कळत नाही. काकूंचा फोन आला, "अरे, यापेक्षा चार रिमोट बरे होते." फार लागलं ते, कारण खरं होतं.

टीव्हीला चालू आणि बंदचे वेगवेगळे कोड आहेत, फक्त रिमोटवर त्यांची बटणं नाहीत, हे शोधल्यावर कळलं. अ‍ॅम्प्लिफायरला तेही नव्हते. त्याच्या वायरवर आम्ही करंट ओळखणारी छोटी कॉइल बसवली. आता 'चालू कर' म्हटलं की बोर्ड आधी करंट बघतो. करंट असेल तर कोड पाठवतच नाही. नसेल तर पाठवतो, दोन सेकंद थांबून पुन्हा बघतो आणि मगच कंट्रोलरला 'ओके' कळवतो. सेट-टॉप बॉक्स स्टँडबायमध्येही जवळपास तेवढाच करंट खातो, म्हणून तो आम्ही चालूच ठेवतो. एसीचं काम त्या मानाने सोपं, त्याचा रिमोट दर वेळी तापमान-पंख्यासकट सगळी स्थिती पाठवतो.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं. त्यानंतर उघडलेल्या बोर्डांवर मिठाचा पांढरा थर होता. तेव्हापासून प्रत्येक बोर्डाला वार्निशचा हात देतो, एलईडीच्या पायांनाही. लांबच्या खोल्यांसाठी सिरियल जोडणीचा आरएस-२३२ हा प्रकार सोडून आरएस-४८५ धरला. पहिला पंधरा मीटरांपुढे भरवशाचा नाही आणि आपल्याकडे पडवीपासून मागच्या खोल्यांपर्यंतच तेवढी वायर जाते.

सध्या कर्द्याला एका होमस्टेचं काम चालू आहे. सहा खोल्या, सुपारीच्या वाडीतून केबल टाकायची आहे, पाऊस लागायच्या आत.