नरक्याचे फुटवे आणि लाल यादीचा हिशेब

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात कणकुंबी-जांबोटीकडच्या सदाहरित रानात नरक्याचे झाड फुलले की त्याचा पत्ता कोणाला विचारावा लागत नाही. फुलांची दुर्गंधीच तो सांगते. याच झाडात कॅम्पटोथेसिन असते, ज्यापासून कर्करोगावरील टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही औषधे बनवतात, आणि त्यापायी सह्याद्रीत ठिकठिकाणी त्याची बेसुमार तोड झाली.

तोडलेल्या खुंटाला पुन्हा फुटवे येतात. लांबून पाहणाऱ्याला तिथे हिरवे झुडूप दिसते, परंतु जवळ जाऊन पाहिले तर बोटाएवढ्या जाडीच्या काटक्या असतात, ज्यांवर ना मोहर असतो ना फळ. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत जातींना असलेला नष्ट होण्याचा धोका ठरवतात; तिच्या नियमांत बीजनिर्मिती करू शकणारी प्रौढ झाडेच मोजायची असतात, त्यामुळे असा खुंट जिवंत असला तरी हिशेबात धरता येत नाही.

जात किती भूभागावर आढळते हे पाहणारे व्याप्तीचे निकष मात्र अशा ठिकाणी फसवे ठरतात. प्रत्यक्ष व्यापलेले क्षेत्र मोजताना दोन किलोमीटर बाजूचे चौकोन आखतात आणि चौकोनात एक झाड सापडले तरी पूर्ण चार चौरस किलोमीटर जमेस धरतात. हे क्षेत्र ५०० चौरस किलोमीटरांखाली असेल आणि शिवाय विखंडन (जातीचे तुटक तुकड्यांत विखुरणे), सततची घट यांसारख्या अटी पुऱ्या होत असतील, तरच जाती या निकषावर संकटग्रस्त ठरते. साऱ्या चौकोनांत खुंटच उरले तरी नकाशा तसाच राहतो. म्हणूनच माझ्या मते आपल्या घाटातील वृक्षांबाबत चौकोनांआधी खोडांचे घेर आणि खालची रोपे मोजली पाहिजेत.

संख्या किती घटली हे पाहणारा निकष तीन पिढ्यांचा काळ मागतो. पिढी म्हणजे बी देणाऱ्या झाडांचे सरासरी वय. सावकाश वाढणाऱ्या वृक्षाच्या बाबतीत हा काळ शंभर वर्षांपलीकडे, बेळगाव मुंबई इलाख्यात होते तेव्हापर्यंत जातो. त्या काळच्या वनस्पतींच्या वाळवलेल्या नमुन्यांवर बरेचदा नुसते ‘बेळगाव’ किंवा ‘रामघाट’ असे लिहिलेले असते, आणि रामघाट म्हणजे घाटमाथा की पायथा, हे त्यावरून कळत नाही. (हद्दीचा वाद आमच्याकडे नमुन्यांच्या चिठ्ठ्यांनाही सुटलेला नाही.)

आजही भीमगड कर्नाटकात, म्हादई अभयारण्य गोव्यात आणि तिळारी महाराष्ट्रात. रान सलग, पण नोंदी तीन खात्यांच्या. एखाद्या प्रदेशापुरत्या केलेल्या मूल्यांकनात हद्दीपलीकडून बी येऊन इथली संख्या सावरू शकेल का, हे पाहून जातीचा धोक्याचा वर्ग बदलण्याची मुभा आहे. मात्र शेजारच्या रानातही खुंटच असतील, तर ती सवलत देणे चुकीचे ठरेल, आणि हे तिन्ही बाजूंची मोजणी एकाच पद्धतीने झाल्याशिवाय ठरवता येणार नाही. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या जागतिक मूल्यांकनात ४७,२८२ वृक्षजातींपैकी किमान १६,४२५ धोक्यात असल्याचे नोंदले आहे. त्यातला ‘किमान’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण ज्यांच्याविषयी माहिती अपुरी आहे अशा जाती त्या आकड्यात नाहीत, आणि सरकारी कागदावर त्या बहुधा सुरक्षित समजूनच सोडल्या जातात.