मित्राच्या अस्थी घेऊन आळंदी ते पंढरपूर

मला पंढरीला चालतच न्या, एवढंच त्याचं शेवटचं मागणं होतं. त्याच्या अस्थी आणि टाळ घेऊन आम्ही जुने सोबती माउलींच्या पालखीबरोबर निघालो. असं कुणाला करायचं असेल, तर दिंडीप्रमुखांना आधी विचारावं. वीणेजवळ किंवा स्वयंपाकाच्या राहुटीत अस्थी अनेकांना चालत नाहीत.

सगळ्या अस्थी नेऊ नयेत, मूठभर पुरतात. गर्दीत मडकं फुटतं, म्हणून झाकणाचा छोटा तांब्या, तोंडाला पांढरं कापड आणि वरून प्लास्टिक, कारण पावसात कापड चिंब होतं. मुक्कामी तांब्या जमिनीवर टेकू न देता बांबूला टांगायचा. दिवसभर एकाच्याच खांद्यावर नको, दर विसाव्याला बदलावा.

टाळांची दोरी मात्र निघण्याआधी नवी घालावी. गाठ वाटीच्या भोकाशी झिजते आणि ऐन भजनात वाटी निसटते. भिजलेली सुती दोरी बोटं सोलते, तिथे चिंधी गुंडाळायची. अभंगागणिक टाळ पुढच्याच्या हातात गेला की सगळ्यांनाच त्याची साथ मिळते.

पुणे ते सासवड हा सर्वात लांबचा टप्पा, तीस किलोमीटरच्या वर, त्यात दिवेघाट आणि बहुधा एकादशी. मधुमेहाची गोळी घेऊन नुसत्या उपवासावर चाललं की घाटात साखर उतरते. गोळीचं डॉक्टरांना आधीच विचारून खिशात गूळ ठेवावा. पायांना फोड येतात ते ओल्या मोज्यांनी आणि नव्या चपलांनी. वापरातलीच चप्पल घाला, बोटांच्या बेचक्यात खोबरेल लावा.

वाटेत नीरा नदीत माउलींच्या पादुकांना स्नान घालतात. त्या नीरास्नानाच्या वेळी कुणी तरी सांगतंच, अस्थी इथेच सोडा. नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते, पाणी पंढरीलाच जातं, हे खरं. पण त्याला चालत जायचं होतं!

आषाढी एकादशीला चंद्रभागेवर पाय ठेवायला जागा नसते. द्वादशीला पहाटे जावं. उजनी धरणातून पाणी सोडलं असेल तर पात्रात धार जोराची असते, तेव्हा गुडघ्याच्या पुढे उतरू नका. होडी केली तर भाडं आधी ठरवा. अस्थी सोडाव्यात, कापड आणि पिशवी परत आणावी. पददर्शनाची रांग फार लांब असते. वय झालेल्यांनी नामदेव पायरीला डोकं टेकून कळसाचं दर्शन घेतलं तरी वारी पोचते. त्याचे टाळ तिथेच पायरीला टेकवले. ते पाण्यात सोडायचे नाहीत, दिंडीतल्या ज्या पोराकडे टाळ नाहीत त्याला द्यायचे.