आंब्यावरचा वटवट्या : मार्चची नोंद

हिवाळ्यापासून पुण्यातल्या आमच्या अंगणातील आंब्यावर ठाण मांडून बसलेल्या वटवट्याचा (वॉर्बलर या छोट्या पक्ष्याचा) स्वच्छ आवाज या आठवड्यात अखेर हाती लागला, आणि तो ग्रीनिश वॉर्बलर की ग्रीन वॉर्बलर, म्हणजे दिसायला जवळपास सारख्या या दोन जातींपैकी कोणता, हा मागच्या नोंदीत उघडा राहिलेला प्रश्न निम्मा तरी सुटला.

मार्चपर्यंत पिसे झिजतात, हीच मुख्य अडचण आहे. पंखावरची जी फिकट पट्टी आपण डिसेंबरात इतकी चर्चिली, ती आता जेमतेम दिसते. भुवई आणि गळ्यावरचा पिवळेपणा हे ग्रीनचे लक्षण खरे; पण पानांतून झिरपणाऱ्या उन्हात करड्या पोटाचा पक्षीही पिवळसर दिसतो, त्यामुळे छायाचित्रांतील रंगावर माझा भरवसा उरलेला नाही.

उरतो तो आवाज. ग्रीनिशची साद दोन तुकड्यांची, ‘चि-स्वी’ अशी. ग्रीनची तीन तुकड्यांची. आवाज ओळखणाऱ्या अॅपने एकाच फांदीवरच्या एकाच पक्ष्याला दोन्ही नावे दिली, तेव्हा तो नाद सोडून मी ध्वनिमुद्रण ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडले. स्पेक्ट्रोग्रामवर (आवाजाच्या आलेखावर) बहुतेक सादा दोनच तुकड्यांत, एकमेकींत मिसळलेल्या उमटल्या आहेत. काही ठिकाणी मात्र शेवटी एक पुसट खूण दिसते. तो तिसरा तुकडा आहे की कुंपणाच्या भिंतीवरून आलेला प्रतिध्वनी, हे बुलबुलांच्या कलकलाटात ठरवणे अवघड आहे. माइकबद्दल एवढेच सांगतो की तारेचा साधा कॉलर माइक पुरतो. वायरलेस संचातील गोंगाट कमी करण्याची सोय चालू राहिली, तर ती नेमकी ही बारीक सादच गिळते.

दरम्यान तांबट पक्ष्याने शेवग्याच्या वाळक्या फांदीला, खालच्या अंगाने, ढोली कोरायला घेतली आहे. तो आत शिरतो, शेपूट तेवढी बाहेर राहते, मग चोचभर भुसा घेऊन मागे सरकतो आणि मान झटकून तो खाली टाकतो. कपाळावरच्या लाल टिळ्यावर भुशाचे कण चिकटलेले दुर्बिणीशिवाय दिसतात. ही फांदी छाटायची नाही, असे घरात बजावून ठेवले आहे.

वेताळ टेकडीवर गिरिपुष्प बहरले असून त्यावर शिंजीर (फुलांतला मध पिणारे छोटे पक्षी) भरपूर आहेत. वेगळे काही नाही.

येत्या रविवारी स्वर्गीय नर्तक पक्ष्यासाठी सिंहगडाच्या पायथ्याच्या दरीत जायचे ठरले होते. परंतु हे लिहिताना वाटते आहे की पश्चिम घाटातली ताम्हिणीच आधी गाठावी. ग्रीन हिवाळ्यात पश्चिम घाटाच्या झाडीत असतो आणि त्यानंतर कॉकेशसकडे परततो. तो निघण्यापूर्वी त्याची निःसंशय साद याच माइकवर टिपली, तर ती पुसट खूण शेजारी ठेवून पारखता येईल. नर्तक पुढच्या रविवारी पाहू. तोपर्यंत इ-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर आंब्यावरच्या पक्ष्याची नोंद ‘ग्रीन/ग्रीनिश’ अशीच राहील.